फायब्रॉइड आणि स्तनातली सिस्ट : मालीश, शेक, पेचोटी यांच्याकडे वळण्याआधी आणि वळल्यावर काय करायचं

बडोद्यात एखादीच्या पोटात किंवा छातीत गाठ निघाली की आठवड्याभरात तिला चार पत्ते मिळतात. एक पत्ता बाळंतिणीची मालीश करणाऱ्या मावशींचा असतो, एक पेचोटी (म्हणजे ‘सरकलेली’ बेंबी) बसवून देणाऱ्या बेनचा, एक पंचकर्माचा आणि एक ॲक्युप्रेशरचा. या प्रत्येक ठिकाणी जाऊन थोडंफार बरं वाटतं, कारण ऊब, तेल आणि माणसाचा हात यांनी शरीर सैल पडतंच. चूक होते ती क्रमात. हात आधी फिरतो, रिपोर्ट नंतर येतो. जिथे दाबायचं नसतं तिथेच सगळ्यात जास्त दाब पडतो. आणि फायदा झाला की नाही हे गाठ चाचपून ठरवलं जातं.

मालीश, शेक, कपिंग (कातडीवर पेले लावून ती ओढून धरणं) किंवा ॲक्युप्रेशरने फायब्रॉइड विरघळल्याचा किंवा सिस्ट कायमची गेल्याचा भरवशाचा पुरावा नाही. फायब्रॉइड ही गर्भाशयाच्या स्नायूचीच घट्ट गाठ असते, ती इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉनवर वाढते आणि वरून चोळून फुटत नाही. सिस्ट ही पाण्याची पिशवी असते, पाळीच्या चक्राबरोबर ती आपोआप लहानमोठी होते. हाताच्या उपचारांचं खरं काम कंबर, मांड्या, ओटीपोट आणि छातीच्या भिंतीचे आखडलेले स्नायू सोडवणं, बद्धकोष्ठ हलकं करणं आणि झोप सुधारणं एवढं आहे. हे काम लहान नाही. पण त्याला याच मापाने मोजायला हवं.

## टप्पा १ : गाठीचं नाव हातात येईपर्यंत कोणाचाही हात नको

आपल्याकडे ‘गाठ’ या एका शब्दात पाच-सहा वेगळ्या गोष्टी येतात. छातीतली गाठ सिस्ट असेल, फायब्रोॲडेनोमा म्हणजे कर्करोग नसलेली घट्ट गाठ असेल किंवा कर्करोगही असेल. पोटातली गाठ फायब्रॉइड असेल, अंडाशयाची सिस्ट असेल, किंवा गाठ नसून ॲडिनोमायोसिसमुळे (गर्भाशयाचं आतलं अस्तर त्याच्या स्नायूत शिरल्यामुळे) गर्भाशयच फुगलेलं असेल. बोटांनी यातला फरक कळत नाही, अनुभवी मालीशवालीलाही नाही.

स्तनासाठी. पाळी सुरू झाल्यापासून पाचव्या ते दहाव्या दिवसात तपासणी करा. पाळीच्या आधीच्या आठवड्यात स्तन भरलेले, दुखरे असतात आणि गाठी मोठ्या वाटतात. तरुण वयात आधी सोनोग्राफी होते, चाळिशीनंतर बहुधा मॅमोग्राफीही सांगतात. रिपोर्टमध्ये दोन गोष्टी शोधा.

पहिली, सिस्टचा प्रकार. ‘सिम्पल’ म्हणजे पातळ भिंत आणि आत नुसतं पाणी. ती दुखत नसेल तर तिला उपचार लागत नाही. ‘कॉम्प्लिकेटेड’ म्हणजे आतलं पाणी गढूळ. ‘कॉम्प्लेक्स’ म्हणजे भिंत जाड किंवा आत घन भाग, आणि तिच्यात सुईने तुकडा काढून तपासावा लागतो. हे शेवटचे दोन शब्द कानाला सारखे वाटतात आणि फोनवर सांगताना हमखास अदलाबदल होते. रिपोर्टचा फोटो पाठवा, तोंडी सांगू नका.

दुसरी, बायरॅड्सचा आकडा, म्हणजे चित्रांवरून कर्करोगाचा संशय किती ते सांगणारा आकडा. २ म्हणजे साधी गाठ. ३ म्हणजे साधी असण्याची शक्यता खूप जास्त, तरी साधारण सहा महिन्यांनी पुन्हा पाहायची. ४ किंवा ५ असेल तर बायोप्सी. ० म्हणजे तपासणी अपुरी राहिली, आणखी चित्रं हवीत. पुष्कळजणी हा ० बघून ‘काही नाही निघालं’ म्हणून निश्चिंत होतात.

गर्भाशयासाठी. पोटावरून सोनोग्राफी असेल तर लघवी भरलेली लागते, योनीमार्गे असेल तर रिकामी. अपॉइंटमेंट घेताना विचारून घ्या, नाहीतर चार ग्लास पाणी पिऊन बाहेर बसावं लागतं आणि आत गेल्यावर ‘बाथरूमला जाऊन या’ म्हणतात. रिपोर्टमध्ये गाठींची संख्या, सगळ्यात मोठीचं माप आणि जागा बघा :

- सबम्यूकोजल : आतल्या पोकळीकडे झुकलेली. लहान असूनही रक्तस्राव जास्त करते.
- इंट्राम्युरल : भिंतीत.
- सबसेरोजल : बाहेरच्या बाजूला. पुढे असेल तर लघवीची पिशवी दाबते, मागे असेल तर गुदाशय.
- पेडंक्युलेटेड : देठावर लोंबणारी. रिपोर्टमध्ये कधी नुसतं ‘फिगो ७’ (गाठीच्या जागेचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) असं लिहिलेलं असतं, तेही बाहेरच्या बाजूने देठावर असलेलीच.

मापात मिलीमीटर आणि सेंटिमीटर यांचा घोळ होतो. ४८ मिमी म्हणजे ४.८ सेंमी. ‘१२ आठवड्यांचं गर्भाशय’ लिहिलं असेल तर घाबरू नका. गर्भारपणात बाराव्या आठवड्यात गर्भाशय जेवढं होतं तेवढं आता झालंय, एवढाच अर्थ. त्या मापाला ते ओटीपोटाच्या तळाशी पुढे असलेल्या हाडाच्या वरच्या कडेला हाताला लागू लागतं, आणि २० आठवड्यांच्या मापाला बेंबीपर्यंत पोहोचतं. हे माप पुढे मालीशची हद्द ठरवताना लागणार आहे, तेव्हा रिपोर्टवर पेनाने गोल करून ठेवा.

> तपासून घ्या : रिपोर्ट तीन महिन्यांपेक्षा जुना आहे का? मधल्या काळात पाळी बदलली, दुखणं वाढलं किंवा नवीन गाठ लागली असेल तर जुना रिपोर्ट चालणार नाही.

## टप्पा २ : या यादीतलं काही लागू असेल तर इथेच थांबा

पोटाची मालीश, कपिंग, पेचोटी यातलं काहीही नको, जर :

- पाळी चुकली असेल आणि गर्भ नाही याची खात्री नसेल.
- गाठ देठावर असेल. दाबाने किंवा पिळण्याने तिला पीळ बसला तर रक्तपुरवठा तुटतो आणि तातडीचं ऑपरेशन लागू शकतं.
- रजोनिवृत्तीनंतर रक्त गेलं असेल, किंवा त्या वयात फायब्रॉइड वाढत असेल. पाळी बंद झाल्यावर ती आक्रसायला हवी.
- ताप आणि पोटदुखी सोबत असेल.
- रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा पोटाचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल.
- एकाच पायाची पोटरी सुजली, दुखली असेल. मोठी फायब्रॉइड ओटीपोटातल्या शिरा दाबते आणि पायात रक्ताची गुठळी होऊ शकते. ‘पाय दुखतोय, चोळून द्या’ हे इथे जिवावर बेतू शकतं, कारण गुठळी सुटून फुप्फुसात जाते.

स्तनाला हात लावू देऊ नका, जर गाठ कडक आणि न हलणारी असेल, त्वचा संत्र्याच्या सालीसारखी खड्ड्याखड्ड्यांची झाली असेल, बोंड आत ओढलं गेलं असेल, त्यातून रक्त किंवा आपोआप पाणी येत असेल, काखेत गाठ असेल, किंवा स्तन लाल आणि गरम असेल. सुईने पाणी काढलं किंवा बायोप्सी झाली असेल तर काळंनिळं पूर्ण जाईपर्यंत थांबा. पाळी बंद झाल्यावर स्तनात नवी गाठ आली तर ‘सिस्टच असेल’ असं धरून चालू नका, त्या वयात सिस्ट कमी आढळतात.

त्याच दिवशी रुग्णालय गाठा : अचानक जोराची पोटदुखी आणि उलट्या, दर तासाला एक पूर्ण पॅड असं दोन तास चालणं, चक्कर येऊन पडणं, दम लागणं. रात्र असेल तर सयाजी रुग्णालयाचा तातडीचा विभाग आहे. सकाळपर्यंत शेक घेत बसू नका.

## टप्पा ३ : सुरुवातीआधी दोन पाळ्यांची वही

हा टप्पा जवळजवळ सगळ्याजणी गाळतात आणि मग सहा महिन्यांनी कोणालाच सांगता येत नाही की काय बदललं. साधी वही चालेल. रोज एक ओळ : पाळीचा दिवस, किती पॅड आणि प्रत्येक किती भिजला (थोडा, अर्धा, पूर्ण), गुठळ्या, दुखणं ० ते १० मध्ये, रात्री लघवीला किती वेळा उठलात, पोट साफ झालं का. स्तनासाठी कोणती बाजू आणि दुखणं किती. गाठ रोज चाचपायची नाही. महिन्यातून एकदा, पाळीनंतर, पुरे. रोज दाबून बघण्याने ती जागा दुखरी होते आणि मग ‘गाठ वाढली’ असं वाटायला लागतं.

सोबत हिमोग्लोबिन करून घ्या. १२ च्या खाली म्हणजे पंडुरोग, ८ च्या खाली तो तीव्र धरतात. जमलं तर फेरिटिनही करा, कारण हिमोग्लोबिन ठीक दिसत असतानाही लोहाचा साठा संपलेला असू शकतो. जास्त रक्त जाणाऱ्या बाईला आधी लोह हवं, मालीश त्यानंतर. लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्या आणि चहापासून एक-दोन तास लांब ठेवा.

## टप्पा ४ : हात कोणाचा, आणि त्याला काय सांगायचं

घरी येणाऱ्या मालीशवाल्या मावशींचा हात बाळंतिणीच्या अंगावर तयार झालेला असतो. जोरात रेटणं, पोट वरून खाली सारणं, वर पोटपट्टा आवळणं. बाळंतिणीच्या पोटावर जे चालतं ते फायब्रॉइडच्या पोटावर चालत नाही, कारण इथे आत घट्ट गोळा आहे आणि तो गर्भाशय, मूत्राशय, आतडं यांच्यामध्ये बसलेला आहे. मावशींची यात चूक नसते. त्यांना कोणी वेगळं सांगितलेलंच नसतं. म्हणून सुरुवातीलाच, निजण्याआधी सांगा : “मावशी, कंबर, पाठ, पाय हवं तेवढं करा. बेंबीच्या खाली हात न्यायचा नाही आणि छातीला हात लावायचा नाही.” गुजराती बेन असतील तर “बेन, पेट पर जोर ना आपशो” हे एवढं वाक्य पुरतं.

पेचोटी. बेंबीजवळचा ठोका मधे लागतो की बाजूला, यावरून पेचोटी खसकली म्हणतात. अंगठा खोल दाबून, पाय ओढून किंवा दिव्यावर ग्लास उपडा घालून ती ‘बसवतात’. तो ठोका मुख्य रोहिणीचा असतो. तो कुठे आणि किती जोरात लागेल हे मधे काय आहे यावर ठरतं : गॅस, चरबी, भरलेलं आतडं. मोठी गाठ असेल तर ठोका तिच्यातूनही हाताला येतो आणि मग पेचोटी दर आठवड्याला खसकलेलीच निघते. फायब्रॉइड असताना खोल अंगठा आणि ग्लासचा ओढा, दोन्ही नको. भाजण्याचा धोका वेगळाच. डाम देण्याबद्दल तर चर्चाच नको.

कपिंग किंवा हिजामा. पाठीवर कोरडं कपिंग सोसत असेल तर करा. स्तनावर आणि खालच्या पोटावर नाही. रक्त काढण्याचा प्रकार पंडुरोग असलेल्या बाईने करूच नये. आधीच कमी असलेलं रक्त पुन्हा काढायचं कशाला?

ॲक्युप्रेशर आणि ॲक्युपंक्चर. उपचारांच्या चाचण्या गोळा करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेची फायब्रॉइडवरच्या ॲक्युपंक्चरची समीक्षा २०१० मध्ये आली, तेव्हा निकषांत बसणारी एकही चाचणी त्यांना सापडली नव्हती. दुखणं कमी वाटलं तर चालू ठेवायला हरकत नाही. घोट्याच्या आतल्या बाजूचा बिंदू गर्भ असण्याची शक्यता असेल तर दाबत नाहीत.

फिजिओथेरपिस्ट. ओटीपोट जड वाटतं, संबंधाच्या वेळी दुखतं, लघवी घाईची होते, अशांनी पहिला पैसा इथे खर्च करावा असं आमचं स्पष्ट मत आहे. स्त्रियांच्या ओटीपोटाच्या स्नायूंचं काम करणारी फिजिओथेरपिस्ट शोधा. मोबाइलवर बघून आवळण्याचे व्यायाम, ज्यांना केगल म्हणतात ते, सुरू करू नका. दुखणाऱ्या ओटीपोटाचे स्नायू पुष्कळदा आधीच आवळलेले असतात, त्यांना आधी सैल सोडायला शिकावं लागतं. आवळून आवळून दुखणं वाढलेल्या बायका कमी नाहीत.

कोणीही असो, पैसे देण्याआधी चार प्रश्न : माझा रिपोर्ट बघणार का? कुठे हात लावणार नाही? दुखलं तर थांबणार का? किती बैठकांनंतर काय मोजायचं? ‘गाठ नक्की विरघळेल’, ‘ऑपरेशन टळेल’, ‘गोळ्या बंद करा’ यातलं एकही वाक्य आलं तर उठा. वीस बैठकांचं पॅकेज पहिल्या दिवशी घेऊ नका. आतून गर्भाशय हलवून देण्याचा प्रस्ताव आला तर तोही नाकारा.

## टप्पा ५ : घरच्या घरी पोट-कंबरेची बैठक

वेळ शेक धरून साधारण ४० मिनिटं, आठवड्यातून दोनदा किंवा तीनदा. पाळीच्या जोराच्या दिवसांत मालीश बंद, फक्त शेक. जेवणानंतर दोन तास गेलेले असावेत, लघवी करून यावं.

लागणारं सामान : तिळाचं तेल दोन-तीन चमचे (१० ते १५ मिली), वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट केलेलं. गुडघ्याखाली उशी, एक जुना पंचा, रबरी पिशवी, पिशवीला कापडी खोळ. नवीन तेल असेल तर आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघा.

दाब शिकून घ्या. स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या, त्यावर तळहात सपाट ठेवा आणि काटा ५०० ग्रॅमवर येईपर्यंत दाबा. डोळे मिटा, हात उचला, पुन्हा दाबा. तीन-चारदा केलं की हाताला कळतं. पोटावर याच्या वर जायचं नाही. पहिला दाब याच्या बराच वर जाऊ शकतो आणि तरीही तो ‘हलका’ वाटत असतो.

1. श्वास, ३ मिनिटं. पाठीवर निजून एक हात बेंबीवर. चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर. पोट श्वासाबरोबर वर येत नसेल तर पुढे जाऊ नका, तोपर्यंत आतले स्नायू आखडलेलेच असतात.

2. कंबर आणि माकडहाड, ६ ते ८ मिनिटं. कुशीवर वळा, गुडघे थोडे पोटाकडे घ्या, मधे उशी. दुसऱ्या कोणी तळहाताने माकडहाडाच्या तिकोनी भागावर सावकाश गोल फिरवावं, मग कमरेच्या दोन्ही बाजूंच्या मांसल पट्ट्यांवर. कण्याच्या मणक्यांवर दाब नाही. इथे ५०० ग्रॅमपेक्षा जास्त दाब चालतो. फायब्रॉइडचं दुखणं पुष्कळदा कंबर आणि मांडीत उतरतं, म्हणून मालिशीतला सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. घाईत हाच भाग कापला जातो आणि सगळा वेळ पोटावर जातो.

3. नितंब आणि मांड्यांची आतली बाजू, ५ मिनिटं. लांब, सावकाश हात. पोटरीला सूज नाही हे आधी पाहा.

4. वरचं पोट, ४ मिनिटं. पुन्हा पाठीवर. पोटावर घड्याळ ठेवलंय असं समजा. काट्याच्या दिशेने, उजव्या बाजूने वर, बरगड्यांखालून डावीकडे आणि डाव्या बाजूने खाली. मोठं आतडं याच वाटेने जातं. बद्धकोष्ठ असेल तर याचा खरा उपयोग होतो, विशेषतः मागची गाठ गुदाशय दाबत असेल तेव्हा. उलट दिशेने फिरवू नका.

   हद्द : गर्भाशय १२ आठवड्यांपेक्षा लहान असेल तर बेंबीखाली चार बोटांपर्यंत. १२ च्या वर असेल तर बेंबीच्या खाली जाऊच नका. २० च्या आसपास असेल तर ही पायरी सोडून द्या.

5. खालचं पोट, २ मिनिटं. इथे मालीश नाही. दोन्ही तळहात एकमेकांवर घासून गरम करा आणि ओटीपोटावर नुसते ठेवा. वजन हाताचंच, दाब शून्य. गोल नाही, खालून वर ओढणं नाही, ‘गाठ कुठेय’ म्हणून बोटं रुतवणं नाही.

6. शेक, १५ मिनिटं. पिशवी दोन-तृतीयांश भरा, पाणी उकळतं नको, हवा दाबून काढा, मग झाकण. खोळ घातलेली पिशवी मनगटाच्या आत धरून बघा : पाच मोजेपर्यंत सहन होत नसेल तर फार गरम आहे. पिशवी पोटावर ठेवून झोपी जाऊ नका. रोज त्याच जागी तापवल्याने त्वचेवर तपकिरी जाळी उठते. ती दिसली की शेक काही आठवडे बंद, आणि पुढे उष्णता कमी.

7. उठणं. पाच मिनिटं पडून राहा, कुशीवर वळा, हाताच्या आधाराने बसा, मग उभ्या राहा. हिमोग्लोबिन कमी असलेल्या बायका सरळ उठतात आणि न्हाणीघराच्या दारात चक्कर येऊन पडतात.

> तपासून घ्या : बैठकीत दुखणं १० पैकी २ च्या वर गेलं की तिथेच थांबा. दुसऱ्या दिवशी डाग दिसले, रक्त वाढलं किंवा पोट दुखरं राहिलं तर पुढची बैठक रद्द, आणि डॉक्टरांना कळवा. ‘आधी दुखतं, मग बरं होतं’ हा नियम इथे लागू नाही.

एरंडेलाचा पट्टा हवा असेल तर सहाव्या पायरीच्या जागी करा. दुकानात ‘दिवेल’ मागा. मांजरपाट किंवा फ्लॅनेलची तिपदरी घडी, साधारण ३० बाय २५ सेंमी, त्यावर तीन मोठे चमचे एरंडेल. ओलसर व्हावी, ठिबकू नये. ती पोटावर, वर प्लास्टिक, वर पंचा, त्यावर पिशवी, अर्धा तास. मधलं प्लास्टिक विसरू नका, तेल लागलं की पिशवीचं रबर खराब होतं आणि एक दिवस गरम पाण्यासकट फाटतं. नंतर डाळीच्या पिठाने पुसून घ्या. तेल गर्भाशयापर्यंत झिरपत नाही, आराम उबेने पडतो. एरंडेल पिऊ मात्र नका, त्याने जुलाब होतात आणि कळा वाढू शकतात.

## टप्पा ६ : स्तन, जिथे कमी करणं हेच बरोबर

स्तनातल्या सिस्टला बोटांत धरून ‘फिरवणं’, दाबून ‘फोडणं’, तव्याएवढा गरम कपडा ठेवणं, हे सगळं सर्रास केलं जातं आणि सगळंच चूक आहे. जोरात दाबल्याने आत रक्त साकळतं. चरबीला मार बसला तर ती काही आठवड्यांनी कडक होते आणि तिची वेगळी गाठ बनते. ही गाठ मॅमोग्राफीत कधी कर्करोगासारखी दिसते आणि मग सुई, बायोप्सी, पंधरा दिवसांची झोप उडणं. म्हणजे साध्या सिस्टसाठी सुरू केलेल्या मालिशीने नवी गाठ उभी केली.

आधी दुखतंय काय ते शोधा. कुशीवर वळा, म्हणजे स्तन बाजूला सरकतो. आता बरगडीवर एका बोटाने दाबा. तेच ओळखीचं दुखणं तिथे उमटलं तर दुखणं छातीच्या भिंतीचं आहे, आणि मालिशीचा उपयोग खरा तिथे आहे : गळ्याच्या हाडाखाली, खांद्याच्या पुढच्या खोबणीत आणि खांद्यामागे, तेल लावून पाच मिनिटं. मग दाराच्या चौकटीला कोपर टेकवून एक पाऊल पुढे, ३० सेकंद, तीनदा.

दुखणं स्तनाचंच असेल तर आधी ब्रेसियर बघा. आधार खांद्याच्या पट्टीचा नसतो, छातीखालच्या पट्ट्याचा असतो. पट्ट्यात दोन बोटं जेमतेम जावीत, हात वर केल्यावर तो जागचा हलू नये. नवरात्रात हा मुद्दा विशेष. नऊ रात्री घट्ट चोळीत गरबा खेळताना चोळी दाबते पण उचलून धरत नाही. चोळीच्या आत स्पोर्ट्स ब्रा घाला, मापाला देताना चोळी त्यावरूनच मापून घ्या.

मग गार किंवा कोमट, जे बरं वाटेल ते कापडातून दहा मिनिटं. हलका हात करायचाच असेल तर तेलाशिवाय, चार बोटं सपाट ठेवून फक्त कातडी सरकेल एवढा. वजनकाट्यावर १०० ग्रॅमच्या आत. क्रम : गळ्याच्या हाडावरची खोबणी दहा वेळा, काख दहा वेळा, मग स्तनाच्या कडेपासून काखेकडे. गाठीची जागा वगळून. बोंड पिळून ‘पाणी येतंय का’ बघू नका, पिळल्यानेच ते यायला लागतं.

सिस्ट मोठी आणि ठसठसणारी असेल तर सुईने पाणी काढणं काही मिनिटांचं काम आहे. त्या जागी सहा महिने हात फिरवत बसण्यात काही शहाणपण नाही. निघालेलं पाणी पिवळसर, हिरवट असतं. रक्तमिश्रित असेल तर ते तपासायला गेलंच पाहिजे, आणि पाणी काढूनही गाठ लागत असेल तर पुन्हा दाखवा.

## टप्पा ७ : तीन महिन्यांनी काय मोजायचं

वही उघडा. दुखण्याचे आकडे, भिजलेले पॅड, रात्रीचं उठणं आणि हिमोग्लोबिन सुरुवातीच्या दोन पाळ्यांशी ताडून बघा. दुखणं उतरलं, झोप लागली, पोट साफ होतंय, तर बैठका चालू ठेवा. पॅड तेवढेच आणि हिमोग्लोबिन घसरलेलं, तर मालिशीचं काम नाही, स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. रक्त कमी करणाऱ्या गोळ्या, हार्मोन सोडणारी कॉपर-टीसारखी वस्तू, फक्त गाठ काढणं, गाठीचा रक्तपुरवठा बंद करणं असे मार्ग आहेत. थेट गर्भाशय काढायला सांगितलं तर बाकीचे का चालणार नाहीत हे विचारा आणि दुसरं मत घ्या. तो तुमचा हक्क आहे.

सोनोग्राफी डॉक्टर सांगतील तेव्हा, शक्यतो त्याच केंद्रात आणि पाळीच्या त्याच दिवसांत. ४८ मिमीची गाठ ४५ झाली म्हणजे उतरली असं नाही, एवढा फरक मोजणाऱ्याच्या हातातही असतो. उलट ४ सेंमीची ५ झाली तर ‘एकच सेंटिमीटर’ म्हणून सोडू नका, तिचं आकारमान जवळपास दुप्पट झालेलं असतं. सिस्ट दिसेनाशी झाली तर आनंदच आहे, पण ती पुष्कळदा आपोआप जाते आणि दुसरीकडे नवी येते, म्हणून पुढची तारीख चुकवू नका.

जाताना जुनी फिल्म, दोन्ही रिपोर्ट आणि वही एकाच पिशवीत घ्या. मालीश, एरंडेल, काढा, जे काही चालू आहे ते डॉक्टरांना आपणहून सांगा. ऑपरेशन किंवा बायोप्सी ठरली असेल तर त्या भागावरच्या सगळ्या बैठका तिथेच थांबवा आणि पुन्हा कधी सुरू करायच्या ते लिहून मागा.